रंगाआधी खुणा वाचा

संपादक महोदय,
आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्याने उभ्या केलेल्या एका जुन्या जीपचा फोटो आहे, खाली ‘1944 ची अस्सल विलीज’. जीप देखणी आहे, यात वाद नाही. पण बंपर आणि जाळीच्या मधली, चेसिसची म्हणजे गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी पाहा. ती उलट्या यू आकाराची आहे. युद्धकाळातल्या विलीजला तिथे गोल पाइप असतो. म्हणजे निदान चेसिस तरी फोर्डची.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी एकाच आराखड्यावर जीपा बांधल्या, पण फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ उमटवला. फोटोतल्या गाडीचे बोल्ट चकचकीत, नवेकोरे दिसतात. जुने बहुधा भंगारात गेले.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांकडे डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने विकून टाकलेल्या जीपा होत्या, त्यांवर माझा हात बसला. एकीचं इंजिन दुसरीत गेलेलं, बॉडी तिसरीचीच. लष्करी वर्कशॉपमध्येही अशी अदलाबदल होत असे, त्यामुळे सरमिसळीला मी नावं ठेवत नाही. पण काय कुठून आलं हे खुणांवरूनच कळतं, आणि आजकालची पोरं ग्राइंडर हातात घेतल्याशिवाय गाडीला राम राम करत नाहीत.

फोर्डचा नंबर चेसिसच्या डाव्या रेलच्या, म्हणजे लांब तुळईच्या माथ्यावर ठोकलेला असतो. विलीजची पाटी डाव्या रेलच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे रिवेट केलेली. तिथलं ग्रीस आणि चिखल रॉकेलच्या फडक्याने भिजवून काढावा, वर पितळी तारांचा ब्रश हलक्या हाताने. मग टॉर्च आडवा धरला की बुजलेले आकडे सावलीने वर येतात. कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा मिळतो, आरटीओत चेसिस प्रिंट घेतात तसाच. बॉनेटवर थेट सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग उडवणं नको. पाण्याच्या पॉलिशपेपरने एकेक थर उतरवत गेलं तर लष्करी हिरव्यावरचा मूळ नंबर सापडू शकतो. अमेरिकी लष्कराच्या जीपेचा तो 20 ने सुरू होतो. सापडला की आधी फोटो, मग पुढचं काम.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज ठरते ती मूळ रूपात असेल तर. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, फी 20 हजार. घासून गुळगुळीत केलेल्या रेलवर अधिकाऱ्याला काय दाखवणार? उलट चोरीचा संशय यायचा.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशा गाडीच्या चकाकीसोबत तिच्या चेसिस नंबराच्या जागेचाही फोटो छापा. शेवटचे दोन आकडे झाकले तरी चालतील.

— एक निवृत्त मोटार मेकॅनिक,
फैजपूर, जि. जळगाव