कुणबी साडीची डिजिटल नोंद नीट व्हावी

महोदय,

गोव्याच्या पारंपरिक कुणबी साडीच्या तांबड्या चौकटी संगणकाच्या त्रिमितीय चित्रात हुबेहूब उतरण्यासाठी नुसता फोटो पुरत नाही. एकाच जागेवर निरनिराळ्या दिशांनी प्रकाश टाकून अनेक छायाचित्रे घ्यावी लागतात आणि त्यांतून रंग, धाग्यांचा उंचसखलपणा व चकाकी यांचे वेगवेगळे नकाशे, म्हणजे जागोजागची नोंद दाखवणारी चित्रे, तयार होतात. आजीची साडी मी साध्या स्कॅनरवर ठेवली, तेव्हा काचेवर सूत चेपले आणि चौकटी छापील कापडासारख्या सपाट दिसल्या. हातमागाची वीण मध्येच किंचित सैल पडते, तेच तर तिचे रूप! लहानसा तुकडा स्कॅन करून पुन्हा पुन्हा जोडला, तर तोच सैल धागा ठरावीक अंतराने दिसत राहतो. म्हणून राज्य सरकारने हे नोंदीचे काम संपूर्ण साडीचे, काठापदरासह, विणकरांना सोबत घेऊन करावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, फोंडा