विंटर गार्डनच्या अनाम कारागिरांनो, मनापासून थँक्यू!

टोरंटोत यंग स्ट्रीटवरचं एल्गिन-विंटर गार्डन म्हणजे डबलडेकर थिएटर, एकाच्या डोक्यावर दुसरं, वरचं विंटर गार्डन तर जमिनीपासून सात मजले वर! १९२८ ला वरचं व्हॉडव्हिल (नाच-गाणी-विनोदाचे छोटे छोटे खेळ) आटोपलं आणि ते जे बंद झालं ते साठेक वर्षं धूळ खात पडलं. भिंतींवरची फुलं वॉटरकलरची, पाणी लावलं की गेलीच, म्हणून तुम्ही लोकांनी ब्रेडच्या कच्च्या पिठाचे गोळे फिरवून फिरवून काजळी काढलीत, छताला बीच नावाच्या झाडाच्या खऱ्या पानांच्या फांद्या पुन्हा टांगल्यात, आणि १९८९ ला थिएटर परत उघडलं. केवढा तो पेशन्स! तुमची नावं ठाऊक नाहीत पण खरंच खूप खूप आभार, आणि टूरला आमच्या सगळ्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं देणाऱ्या व्हॉलंटियर काकूंचेही.