म्हणे, ‘स्वप्नवत’ कापूस!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ‘नॉर्थ अँड साउथ’ या इंग्रजी कादंबरीवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, कारण तिच्या लेखिका एलिझाबेथ गॅस्केलबाईंवर मराठी वर्तमानपत्राने अर्धे पान खर्चावे हे काही रोज घडत नाही. दुसऱ्यांदा मात्र चष्मा पुसून वाचला, बेसी हिगिन्स कुठे गेली ते शोधायला. सापडली. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ‘नायिकेची क्षयाने वारलेली गरीब मैत्रीण’, एवढ्या पाच शब्दांत.

क्षयाने? लेखकमहाशयांनी कादंबरी वाचली, की 2004 ची बीबीसीची मालिका पाहून उरकले? नायिका मार्गारेट आणि गिरणीमालक थॉर्नटनचे रुसवेफुगवे त्यांना तोंडपाठ आहेत. असू देत, थॉर्नटन मलाही आवडतो. पण बेसी स्वतःच्या तोंडाने मार्गारेटला सांगते की आई गेल्यावर ती कार्डिंगला, म्हणजे गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात, लागली आणि तिथला उडता कापूस छातीत जाऊन बसला. 19 वर्षांची पोर. हा कापूस ओढून घेणारे मोठे चाक खात्यात बसवता येते, हेही तिला ठाऊक आहे. पण त्याला पाचसहाशे पौंड पडतात आणि नफा काही निघत नाही, म्हणून फार थोडे मालक ते बसवतात. त्यापुढचे तर वाचवत नाही: काही कामगारांनाच ते चाक नको असते. कापूस गिळायची सवय झालेली, तो पोटात गेला नाही की भूक लागते, मग पगार वाढवा म्हणतात! बाईंनी हे डिकन्सच्या साप्ताहिकात 1854 साली लिहिले. (त्याच साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली. एवढे तरी लेखात यायला हरकत नव्हती.)

लेखासोबत मालिकेतले छायाचित्र, त्याखाली ओळ: ‘बर्फासारखा तरंगणारा स्वप्नवत कापूस’. वा!

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत 27 वर्षे कार्डिंगला होते. पाळी सुटून आले की भुवया पांढऱ्या. आई त्यांना दारातच उभे करून टॉवेलने झटकायची, तरी भातात एखादा तंतू निघायचाच. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी छाती जास्त भरायची. त्या रात्री ते भिंतीला उशी लावून बसूनच झोपत. गुरुवारपर्यंत जरा बरे वाटे. आम्हा पोरांची समजूत अशी, की बाबांना सुट्टीच बाधते. दवाखान्यातले डॉक्टर दर वेळी एकच सांगत, ‘विडी सोडा.’ वडिलांनी जन्मात विडी ओढली नाही. घसा सुटतो म्हणून गूळ तेवढा खात. शेवटी कागदावर ‘दमा’ लागला. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात, हे ते गेल्यावर मला कळले.

बेसीने ती गिरणी का सोडली नाही, याचेही उत्तर कादंबरीत आहे. धाकट्या मेरीची शाळा होती, बापाची पुस्तके आणि व्याख्याने होती, सगळ्याला पैसे लागत. माझी एसएससीची फी कुठून आली, हे मला त्या पानावर पुन्हा आठवले.

कादंबरीतल्या गिरणीकामगारांच्या संपाला लेखात ‘पार्श्वभूमी’ म्हटले आहे. त्या पार्श्वभूमीत बाउचर हा कामगार रंगाऱ्यांचे पाणी सोडलेल्या ओढ्यात जीव देतो आणि त्याच्या तोंडाला तो रंग लागून राहतो. असो.

जाता जाता, गेले दोन रविवार शब्दकोड्यात उभ्या शब्दांचे संकेत आडव्यांखाली छापले जात आहेत. मी पेनाने सोडवते, खोडता येत नाही. आणि हे पत्र छापलेत, तर मागच्या वेळेसारखे मधूनच कापू नका. कापायचेच असेल तर सुरुवातीचे कौतुक कापा.

आपली,
एक जुनी वाचक, बदलापूर