साताऱ्यातल्या मित्राला

नगर

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोहोचलं. डाव्या हाताने सावकाश लिहिलेल्या त्या ओळी मी आधी एकटा वाचल्या, मग हिला वाचून दाखवल्या. फोनवर वहिनींकडून सगळं कळत होतंच. पक्षघाताच्या झटक्यानंतर फिजिओथेरपी चालू आहे, पाय आता थोडा उचलतोस, उजव्या हाताला अजून पकड नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. पण तू स्वतः लिहिलंस याचं मोल वेगळं. शेवटच्या ओळीत तू विचारलं आहेस, ‘आता मी देवाच्या राज्यात काय कामाचा?’ याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे. वहिनींना वाचायला सांग, दमलास की थांबवत जा.

आधी त्या गृहस्थांबद्दल. तुझ्या उशाशी प्रार्थना झाल्यावर ‘विश्वास कमी पडतोय, नाहीतर एव्हाना चालायला लागला असता’ असं जे बोलून गेले, त्यांचं नाव मला कळायला नको. पण ते वाक्य तुझ्या मनात रुतून बसलंय असं वहिनी म्हणाल्या आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आजारी माणसाच्या अंगावर आजारापेक्षा जड ओझं टाकून निघून जाणं याला सेवा म्हणत नाहीत. ज्या प्रेषित पौलाने मिलिता बेटावर पुब्ल्याच्या बापावर हात ठेवला आणि तो तापातून उठला, त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी ठेवून पुढची वाट धरली. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर आणि वरचेवरच्या दुखण्यांवर तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, विश्वास वाढव असं सांगत नाही. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढं उत्तर आलं. यांच्यापैकी कोणाच्या विश्वासाचं माप पौलाने काढलं?

आणि विश्वासाचंच बोलायचं तर मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचून घे. बोर्डिंगात असताना नाताळच्या कार्यक्रमात आपण ती गोष्ट बसवली होती. वसतिगृहाची लोखंडी खाट चौघांनी उचलायची होती आणि त्या चौघांत तू होतास. कफर्णहूमच्या त्या घरात दारापर्यंत गर्दी, म्हणून पक्षघाती माणसाला आणणाऱ्यांनी वर चढून छप्पर उकरलं आणि बाज खाली सोडली. पुढे शास्त्र म्हणतं की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या मनात त्या घडीला काय चाललं होतं, त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याला आशा होती की तो वैतागला होता, ‘कशाला हा खटाटोप’ म्हणत होता, आपल्याला माहीत नाही. येशूने ते विचारलं नाही. आणणाऱ्यांचा विश्वास त्याला चालला.

पण माझं मन अडतं ते त्याच्या पुढच्या शब्दापाशी. येशू त्याला ‘मुला’ म्हणतो. पापांची क्षमा झाल्याचं सांगतो. पाय अजून लुळेच आहेत! मग यहुदी धर्मशास्त्र शिकवणारे शास्त्री लोक मनात कुरकुर करू लागतात, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो म्हणून. येशू त्यांना जाब विचारतो, आणि हे सगळं झाल्यावर कुठे ‘ऊठ, आपली बाज उचल’ हे शब्द येतात. दोन्हींच्या मध्ये थोडा का होईना, वेळ गेला. तेवढा वेळ तो माणूस जमिनीवर तसाच पडून होता. चालता येत नव्हतं आणि तरी मुलगा झालेला होता. नातं आधी, पाय नंतर. मला वाटतं, तू आज त्या मधल्या वेळात आहेस. तो किती लांबेल ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. पण त्या वेळातही तुला हाक ‘मुला’ अशीच आहे, आणि तेवढ्या काळापुरती तुझ्या बाजेची एक कड मी धरली आहे असं समज. विश्वास डळमळला तर डळमळू दे. आम्ही आहोत.

आता तुझ्या प्रश्नातल्या ‘कामाचा’ या भागाकडे येतो. तुझं आयुष्य कामातच गेलं. शाळा सुटली की चर्चच्या मंडळीचा जमाखर्च, शनिवारी गीतांची तालीम, रविवारी संडेस्कूल आणि पेटी, पाळकसाहेब गावाला गेले की उपदेशही तूच. हे सगळं एका सकाळी हातातून सुटलं. अशा वेळी आपण राज्यातून वजा झालो असं वाटणं साहजिक आहे. म्हणून तुला एपफ्रदीताची आठवण करून देतो. त्याच्यावर उपदेश फार कमी होतात, आणि याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पौल कैदेत होता. त्या काळी कैद्याचं खाणंपिणं, कपडालत्ता बाहेरच्या माणसांनी बघावा लागे. फिलिप्पैच्या मंडळीने पैसे जमवून एपफ्रदीताला धाडलं. पैसे पोहोचवायचे आणि तिथंच राहून पौलाची सेवा करायची. गेला, आणि मरणाच्या दारी पोहोचण्याइतका आजारी पडला. ज्याच्या सेवेला गेला, त्यालाच याची काळजी वाहावी लागली. त्यात आजाराची बातमी गावाकडे पोहोचली. पौल लिहितो की आपल्या आजाराचं घरच्यांना कळलं या विचारानेच तो कासावीस झाला होता. वहिनी म्हणाल्या, तूही मुलीला कळवू नका म्हणून डोळ्यांनी खुणावत होतास. हे वाचून तुला तो माणूस ओळखीचा वाटेल.

एपफ्रदीत बरा झाल्यावर पौल त्याला परत पाठवतो आणि त्याच्याबरोबर पत्र देतो. ‘धाडलेलं काम अर्धवट टाकून आला’ असं गावात कोणी म्हणेल, याचा अंदाज पौलाला असावा. तो आधीच लिहून ठेवतो की प्रभूच्या ठायी पूर्ण आनंदाने त्याचं स्वागत करा, अशांना मान द्या. आणि त्याला काय काय म्हणतो बघ: माझा बंधू, सहकारी, सहसैनिक. हे सगळे शब्द आजारपणानंतरचे आहेत. एकही काढून घेतलेला नाही.

त्याच पत्रात पुढे तो सांगतो की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमन वसाहत. इसवी सनापूर्वी ४२ साली तिथं मोठी लढाई झाली आणि नंतर लढाईतून मोकळ्या झालेल्या सैनिकांना तिथल्याच जमिनी वाटून वसवलं गेलं. या शहरातल्या रोमन नागरिकांची नोंद व्होल्टिनिया नावाच्या रोमन कुळात होत असे. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतल्या कित्येकांनी रोम डोळ्यांनी पाहिलंही नसेल. सैनिक म्हातारा झाला, जखमी झाला, त्याच्याने तलवार धरवेना, तरी त्याचं नागरिकत्व जात नव्हतं. पौलाचं हे वाक्य ऐकताना तिथल्या माणसांना फार समजावून सांगावं लागलं नसणार. अर्थात मंडळीतल्या सगळ्यांकडे रोमन नागरिकत्व नव्हतंच, दासही असतील, परदेशी होते. रोमच्या यादीत ज्यांना जागा नव्हती, त्यांनाही पौल ‘आपलं’ म्हणतो. त्या ‘आपलं’मध्ये तू आहेस. पेटी वाजवायला लागायच्या आधीपासून आहेस.

तू साताऱ्यात राहतोस, म्हणून आणखी एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी इकडे नगरला मिशनच्या कामात किती वर्षं घातली ते आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि तुझ्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे तिथं भाऊ म्हणून बसावेत, परक्या वेशाशिवाय आणि परक्या पैशाशिवाय, हे त्यांचं स्वप्न. वयाची पंचावन्न उलटल्यावर एवढा मोठा संसार नव्याने मांडायचा! आणि हातात वेळ किती मिळाला? ९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले. दोन वर्षंही धड नाहीत. दरबार त्यांच्यामागे तसा उभा राहिला नाही.

माणसाच्या हिशेबात हा डाव मोडला. मला तसं म्हणवत नाही. रविवारी आपल्या मंडळ्यांमधून त्यांची गीतं गाताना कोणाला ते अपुरं वाटत नाही. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं महाकाव्य त्यांनी लिहायला घेतलं, सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि ते गेले. राहिलेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलं, शाळेची पायरी न चढलेल्या बाईने. टिळक गेले तेव्हा हे कोणाला सुचलं असतं का? राज्य देवाचं असल्यामुळे आपल्या हातून निसटलेलं काम कोणाच्या हाती द्यायचं हे तो ठरवतो. तुझ्या पेटीवर आता तुझ्याच तालमीतला मुलगा बसतो, असं कळलं. त्याचा ताल चुकतो म्हणून तू अस्वस्थ होतोस हेही कळलं. चुकू दे. त्याला घरी बोलावून समोर बसव, डाव्या हाताने मांडीवर ताल धर. शब्दांची गरज नाही.

शब्दांवरून आठवलं. वहिनींनी परवा एक गोष्ट सांगितली आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडलो. तुला ‘पाणी’ म्हणता येत नाही, मुलीचं नाव ओठावर येत नाही, पण सकाळी त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली की तू मागोमाग शेवटपर्यंत म्हणतोस. गीत लावलं की अख्खं कडवं म्हणतोस. मी इथल्या आपल्या डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, डाव्या मेंदूला इजा झाल्यावर असं पुष्कळदा दिसतं. नव्याने वाक्य जुळवण्याची ताकद जाते, पण वर्षानुवर्षं पाठ झालेलं आणि सुरात म्हटलेलं टिकून राहतं. कारण शरीराचं आहे, ते मी मान्य करतो. त्याला चमत्कार म्हणून सांगत सुटणार नाही. पण ते टिकण्याइतकं तुझ्या आत कोणी रुजवलं? तुझ्या आईने, बोर्डिंगातल्या सकाळच्या प्रार्थनांनी, इतक्या रविवारांनी. म्हणजे तुझ्याजवळ आज जी प्रार्थना आहे ती एकट्या तुझ्या कर्तबगारीची नव्हतीच. मंडळीने ती तुझ्या तोंडात घातली. ‘तुझे राज्य येवो’ हे शब्द तू रोज म्हणतोस. स्वतःचे शब्द नसताना राज्यासाठी याहून मोठं मागणं कोणतं? आणि जिथं ते शब्दही येणार नाहीत, तिथं आत्मा स्वतः आपल्यासाठी उसासे टाकून मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो. तेव्हा देवाला तुझं कळतं की नाही, ही काळजी करू नकोस.

एक मात्र नीट समजून घे. अशक्तपणा बरा आहे असं मी म्हणत नाही. तुझा हात गेला हे मला बोचतं, आणि तो परत यावा म्हणून मी रोज मागतो. देवाच्या राज्याचं वचन देहाच्या पुनरुत्थानाचं आहे. देह टाकून देण्याची भाषा त्यात कुठेच नाही, म्हणून देहाचं दुखणं दुखणंच असतं. व्यायाम चुकवू नकोस. रक्तदाबाची गोळी वेळेवर घे. राग आला तर देवासमोर राग काढ. बायबलातल्या स्तोत्रांत तसल्या प्रार्थना भरपूर आहेत. बाविसावं आणि अठ्ठ्याऐंशीवं वहिनींकडून वाचून घे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात ठेवलं गेलं.

आणि लोकांना मदत करू दे. वहिनी म्हणतात, मंडळीतली माणसं जेवणाचा डबा घेऊन आली की तू तोंड फिरवतोस. इतकी वर्षं तू दुसऱ्यांचे डबे पोहोचवलेस, त्यामुळे घेणं तुला जड जातं हे मला समजतं. पण देणारे तुझीच माणसं आहेत. पाळकसाहेबांना मी फोन केला आहे. पहिल्या रविवारी उपासनेनंतर ते प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन घरी येतील. जमत नाही, हात थरथरतो, सांडेल, असली कारणं देऊ नकोस. वहिनी प्याला धरतील.

मी ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आधी दोन दिवस येतो आहे. स्वारगेटहून एसटीने येईन, स्टँडवर कोणाला पाठवू नका, घर मला माहीत आहे. हिने बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे. मीठ कमी घातलंय, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. तोपर्यंत एक काम कर. आमच्या धाकट्याची नोकरी गेली आहे आणि तो कोणाशी बोलत नाही. सकाळची प्रार्थना झाली की वहिनींनी त्याचं नाव घ्यायचं आणि तू ‘आमेन’ म्हणायचं. ते तुला म्हणता येतं, मी विचारून घेतलं आहे.

वहिनींना सलाम, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
बोर्डिंगातला शेजारी