मंत्रीसाहेब, एक शिडी आणि एक दिवा मागितला होता

मा. मंत्रीसाहेब,

सादर नमस्कार. डाव्या पायाला नऊ टाके पडलेत, पाय खुर्चीवर ठेवून लिहितोय, शब्द कडक वाटले तर वाटू देत.

गेल्या शनिवारी मी आणि माझा भाचा आमची शिडाची होडी घेऊन दक्षिण गोव्यातल्या तळपणहून उत्तरेला केरीला, पेडण्यात घरी परतत होतो. या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, खाली जाताना पाठीवर, वर येताना थेट तोंडावर. अर्ध्या वाटेतच काळोख पडला, भाचा ओकायला लागला, म्हणून एका छोट्या बंदरात शिरलो. गावाचं नाव घेत नाही कारण तिथल्या लोकांनीच आम्हाला सांभाळलं. नदीच्या मुखाशी रेतीचा बांध, सुकती म्हणजे ओहोटी लागलेली आणि जिथून आत वळायचं तिथला दिवाच बंद. एका ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, स्वतःची बॅटरी हलवत उभा राहिला म्हणून वाट सापडली, नाहीतर होडी रेतीवर बसली असती आणि मागून लाटा आल्या असत्या.

जेटीला लागलो तर वर चढायचं कसं? सुकतीला जेटी पुरुषभर उंच, लोखंडी शिडी कधीच गंजून गेलेली, खालच्या पायऱ्या तुटलेल्या, त्यावर शेवाळ. तिथे सगळे जेटीला लटकवलेल्या टायरवर पाय देऊन चढतात, मीही दिला, तेवढ्यात होडी हलली आणि पाय मध्ये सापडला. हाड दिसत होतं साहेब. जखम धुवायला जेटीवरचा नळ उघडला तर कोरडा. त्या तांडेलाने बाटलीतलं पाणी ओतलं, एका पायलटने, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याने, मला डॉक्टरकडे नेलं, पैसे घेतले नाहीत, इकडे भाच्याला तांडेलाच्या घरी गरम पेज मिळाली. सरकारचं म्हणून तिथे फक्त भिंतीवर रंगवलेली सूचना होती.

दोन वर्षांपूर्वी बोटवाल्यांच्या बैठकीत आम्हाला शब्द दिला होता, पावसाळ्याआधी शिडी, दिवा आणि पाणी होईल म्हणून. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. दोन पावसाळे गेले.

माझे आजोबा मुंबईहून आगबोटीने यायचे, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला. जिथे बोट धक्क्याला लागत नसे तिथे पडाव म्हणजे छोट्या होड्या यायच्या आणि खलाशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून उतरवायचे. म्हणजे माणूस समुद्रातून सुखरूप जमिनीवर आला पाहिजे ही काळजी तेव्हा कोणीतरी घेत होतं. आता २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले, त्यात गोव्याचे सहा, मांडवी, झुआरी, शापोरा, साळ, म्हापसा नदी आणि कुंभारजुव्याचा कालवा. नदीला नंबर मिळाला, पण उतरायला पायरी नाही. मांडवीत कॅसिनोची जहाजं रात्रभर झगमगतात आणि मासे घेऊन येणारा माणूस काळोखात टायरवर पाय देतो, याचा मला भयंकर राग येतो. माझं एक वेळ सोडा, मी हौसेने फिरणारा, तो तांडेल १ जून ते ३१ जुलैची बंदी सोडली तर वर्षभर तिथेच चढतो-उतरतो, ६० किलोची टोपली घेऊन. त्याची तक्रार कोणत्या टेबलावर पडून आहे? अर्ज पंचायतीत दिला तर म्हणतात खात्याकडे जा, खात्यात गेलो तर म्हणतात जेटी दुसऱ्या खात्याची, आणि त्या दुसऱ्या खात्यात साहेब मीटिंगला गेलेले.

मला नुकसानभरपाई नको. आधी तो दिवा लावा, तो एका दिवसाचा आणि एका इलेक्ट्रिशियनचा प्रश्न आहे. मग सुकतीच्या पाण्यापर्यंत पोचेल अशी शिडी आणि नळाला पाणी. तरंगती जेटी जमेल तेव्हा करा.

काल त्या तांडेलाला फोन केला, पायाची चौकशी त्यानेच आधी केली. दिवा अजून बंदच आहे म्हणाला, पण तुम्ही परत याल तेव्हा निघताना फोन करा, मी बॅटरी घेऊन उभा राहतो.

आपला,
पेडण्याचा एक होडीवाला