आधी मोजपट्टी, मग नाव

आदरणीय ताई,

साच्यात घडवलेल्या जुन्या फुलदाण्यांमधलं अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती, हे तुम्ही न कंटाळता शिकवलंत, त्याचे आभार मानण्यासाठी हे जाहीर पत्र. कोणीही शंका घेऊन आलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "उंची किती भरली?" बुडावर काय लिहिलंय, ते नंतर. हा क्रम लावून दिलात, त्याचं ऋण सर्वांत मोठं.

त्यामागचं कारणही तुम्ही फोडून सांगितलंत. तयार भांड्यावरून प्लास्टरचा साचा काढला, तर तो त्या भांड्याएवढाच निघतो. पण त्यात ओतलेली माती वाळताना आणि भट्टीत मिळून साधारण १० ते १२ टक्के आकसते. म्हणजे २५ सेंमी उंचीच्या फुलदाणीची नक्कल २२ ते २२.५ सेंमी भरते. नाव, रंग, पाने-फुले सगळं उचलता येतं. ही घट टाळायची तर मूळ नमुनाच मोठा करून नव्याने घडवावा लागतो, आणि स्वस्त मालासाठी तेवढी मेहनत सहसा कोणी घेत नाही. उंचीबरोबर तोंडाचा आणि बुडाचा व्यासही घ्यायला लावलात, ते बरं झालं. तिन्ही मापं सारख्याच प्रमाणात कमी भरली, तर ती नक्कलच, यात शंका उरत नाही.

रोझव्हिलच्या फुलदाणीवर हे इतकं लख्ख दिसतं! अमेरिकेतल्या ओहायोतला हा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. त्याच्या अखेरच्या वर्षांतल्या मालावर बुडाशी उठावात नाव, 'यू. एस. ए.' आणि आकडे असतात. मॅग्नोलिया नक्षीच्या फुलदाणीवर '९१-८' असेल, तर ९१ हा आकाराचा क्रमांक आणि ८ ही इंचातली उंची. साच्याबरोबर हा आकडा नकलेतही उतरतो, पण मोजपट्टी लावली की भांडं सात-सव्वासात इंच भरतं. पाव इंचाचा फरक अस्सलातही सापडतो, पाऊण इंचाचा नाही. चीनमधून आलेल्या नकलांवर 'यू. एस. ए.' बहुधा नसतं किंवा जेमतेम उमटलेलं असतं. मात्र कारखान्याच्या आधीच्या काळातल्या कित्येक भांड्यांवर नुसतं कागदी लेबल असायचं आणि ते केव्हाच गळून पडलेलं असतं, तेव्हा अक्षरं नाहीत एवढ्यावरून भांडं बाद करू नका, हेही तुम्हीच बजावलंत. त्या एका ताकिदीने किती चांगली भांडी वाचली असतील!

पाकळीची कड दहापट भिंगाखाली कशी बघायची, तेही तुमच्याकडूनच कळलं. अस्सलात शिरा धारदार असतात आणि उठावाच्या टोकावर झिलई पातळ होऊन खालचा रंग डोकावतो. नकलेत शिरा बुजलेल्या असतात, खोलगट जागी झिलई साचते आणि पाकळीचा रंग कड ओलांडून मागच्या भागावर सांडलेला दिसतो.

बुडाची झीज तपासायची तुमची पद्धत तर आता हाताच्या सवयीची झाली आहे. सपाट पाटीवर कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल घासायची, भांडं त्यावर हलकेच फिरवायचं. काळं लागेल ते टेकणारे भाग. खरी झीज तिथेच असते, आणि तिचे ओरखडे आडवेतिडवे, कमी-जास्त खोल असतात. न टेकणाऱ्या खोलगट भागातही ओरखडे असतील किंवा सगळे एकाच दिशेने गेले असतील, तर पॉलिश पेपर फिरलेला आहे.

झिलईवरच्या बारीक तड्यांच्या जाळीवर विसंबू नका, असं तुम्ही वारंवार सांगितलंत. थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की जाळी पडते, मग भांडं नवं असो वा जुनं. चहात बुडवलेल्या भांड्याची जाळी सगळीकडे एकसारखी तपकिरी दिसते; वापरातला मळ कुठे गडद, कुठे नाहीच.

ठशांबद्दल थोडंच, पण मोलाचं सांगितलंत. रूकवुड या अमेरिकी कारखान्याच्या 'आर-पी' खुणेभोवती १८८६ नंतर दरवर्षी एक ज्योत वाढत गेली, १९०० पर्यंत १४ झाल्या, आणि १९०१ पासून खाली वर्षाचे रोमन आकडे आले. अमेरिकेत जाणाऱ्या जपानी मालावर १९२१ पर्यंत 'निप्पॉन' हे देशाचं जपानी नाव चाले, पुढे 'जपान' लिहावं लागलं. पण 'निप्पॉन'चा ठसा नव्या मालावरही मारतात, म्हणून ठशाचं म्हणणं मापाशी आणि झिजेशी जुळतं का, ते बघायचं.

आणि ब्लीच! मळकी जाळी पांढरी करायला भांडं त्यात बुडवू नका, हे तुम्ही वेळीच सांगितलंत. ते द्रावण सच्छिद्र मातीत मुरतं, सुकल्यावर आत क्षारांचे स्फटिक धरतात आणि झिलईचे पापुद्रे सुटू लागतात. आता आम्ही मऊ ब्रश आणि कोमट पाणी एवढंच वापरतो, तेही बुडाची तपासणी उरकल्यावर.

आपले ऋणी,
जुनी भांडी जमवणारे आम्ही सगळे