शर्वरी येण्याआधी

पुणे,
२ डिसेंबर

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

शर्वरी नाताळच्या सुट्टीत बंगळुरूहून घरी येतेय आणि तिने दूध, दही, तूप, पनीर सगळंच सोडलंय, हे तुझ्या पत्रातून कळलं. तू वाद न घालता तिला काय खाऊ घालायचं याच्या तयारीला लागलीस, याचं मला फार बरं वाटलं. "दुधाशिवायचं एक चांगलं चीज सांग, आणून ठेवते," असं तू लिहिलंस. अथर्वला दुधाची अ‍ॅलर्जी, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात हा विषय तो रांगत होता तेव्हापासून आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळीकडे चालेल असं एक चीज नाही मिळत, मंजू. दुधाचं चीज एकटं तीन-चार कामं करतं. ते वितळतं, खारट-आंबट चव देतं, ब्रेडवर पसरतं, आणि पोटाला आधारही देतं. बिनदुधाचं कुठलंही चीज यातलं एखादंच काम नीट करतं. तेव्हा आधी शर्वरीला काय करून घालणार ते ठरव, आणि मग त्या पदार्थापुरतं चीज शोध.

सगळ्यात अवघड पिझ्झा. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. कॅल्शियमच्या आधाराने त्याची जाळी बनते आणि तिच्यात स्निग्धांश अडकून राहतो. उष्णता लागली की जाळी सैल पडते, म्हणून मोझरेला वितळतं आणि त्याला तार सुटते. सोयाबीनच्या प्रथिनांना हे जमत नाही, ती तापली की उलट घट्ट होतात. टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, कितीही तापवला तरी वितळत नाही तो त्यामुळेच. मग पिझ्झ्यासाठीचं बिनदुधाचं चीज करणारे काय करतात, तर खोबरेल तेल आणि स्टार्च एकत्र आणतात. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास पातळ होतं आणि बटाट्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चमुळे चिकटपणा येतो. ग्रीसमधल्या व्हायोलाइफचं चीजही याच पद्धतीचं, आणि आपल्याकडच्या दुकानांत दिसणारी बरीचशी पाकिटं तशीच. घेताना रिफाइंड खोबरेल तेल वापरलंय ना ते बघ, नाहीतर पिझ्झ्याला नारळाचा वास येतो.

हे चीज वापरायची रीतही वेगळी आहे. ओव्हनच्या कोरड्या हवेत ते वितळायच्या आत वरून सुकतं आणि प्लास्टिकसारखं दिसायला लागतं. त्याला वाफ हवी. म्हणून आपला तवा-पिझ्झाच बरा: जाड तवा, मंद आच, चीज अगदी बारीक किसून पातळ थरात, वर दोन-चार थेंब पाणी शिंपडायचं आणि घट्ट झाकण. जाड थर दिलास तर ते टाळूला चिकटतं. थोडंच घाल, आणि चवीचा भार सॉस, लसूण, भाजलेली ढोबळी मिरची यांच्यावर टाक.

पण विकतच्यापेक्षा मला घरचं जास्त आवडतं. अर्धी वाटी काजू गरम पाण्यात भिजवून, एक वाटी पाणी घालून अगदी गुळगुळीत वाटायचे. त्यात तीन मोठे चमचे टॅपिओका स्टार्च, एक मोठा चमचा न्यूट्रिशनल यीस्ट, चमचाभर लिंबाचा रस, लसणाची एक छोटी पाकळी आणि मीठ. हे जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर सारखं ढवळत राहायचं. आधी गुठळ्या होतात. तिथे घाबरून गॅस बंद करू नकोस. ढवळत राहिलीस की ते एकजीव होऊन चमच्याबरोबर लांब ओढलं जातं. टॅपिओका म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याचाच स्टार्च. त्याच्या जागी कॉर्नफ्लॉवर घातलंस तर घट्टपणा येईल, तार येणार नाही. हे मिश्रण पिझ्झ्यावर चमच्याने ठिपके ठेवल्यासारखं घालायचं. पास्त्यात घालायचं असेल तर थोडं पाणी वाढव, पांढरा सॉस तयार. त्यासाठी अख्खे काजू आणू नकोस, वाटायलाच घ्यायचेत तर तुकडा काजू कमी पैशांत तेच काम करतो.

न्यूट्रिशनल यीस्ट म्हणजे पावासाठी वापरतो ते यीस्ट नव्हे. हे निष्क्रिय केलेलं असतं, पिवळ्या पापुद्र्यांसारखं दिसतं आणि चव खमंग, मुरलेल्या चीजच्या जवळ जाणारी. ते थोडं महाग पडतं, पण फार लागत नाही. हेच यीस्ट, काजू, भाजलेले पांढरे तीळ, मीठ आणि लसूण पावडर मिक्सरमधून भरड काढलीस की पास्त्यावर भुरभुरायला परमेसानच्या जागी चालतं. मिक्सर थांबत थांबत फिरव, नाहीतर तेल सुटून गोळा होईल.

आता सँडविच. शर्वरीला आपलं मुंबई पद्धतीचं टोस्ट सँडविच आवडायचं, हिरवी चटणी, बटाटा, बीट घातलेलं. त्यात विकतच्या स्लाइस घालायच्या तर आधी घटक वाच. त्यात अगार, म्हणजे आपलं चायना ग्रास असेल, तर स्लाइस सुरेख कापल्या जातात पण टोस्टरमध्ये वितळत नाहीत, कारण अगार विरघळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. थंड सँडविचला त्या छान. गरम टोस्टला मी मुरवलेल्या काजूचं चीज लावते, आणि माझ्या मते सगळ्या बिनदुधाच्या चीजमध्ये खरी मजा याच प्रकारात आहे. त्याला दुधाच्या चीजची नक्कल करावी लागत नाही, आंबवण्यामुळे त्याला स्वतःची चव येते. काजूत १०० ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे पोटातही काही जातं.

करायचं असं: काजू उकळत्या पाण्यात घालून ठेवायचे. ही पायरी गाळू नकोस. अमेरिकेत २०२१ साली काजूच्या ब्रीमधून, म्हणजे ब्री नावाच्या मऊ चीजसारख्या प्रकारातून, लोकांना साल्मोनेला या जिवाणूची लागण झाली होती. कच्चे काजू वाटून उबेत ठेवायचे म्हणजे त्यात जे असेल ते वाढणारच. मग अगदी कमी पाण्यात वाटायचे, दूध नसलेली प्रोबायोटिक (आंबवणाऱ्या चांगल्या जिवाणूंची) कॅप्सूल फोडून मिसळायची आणि स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून ठेवायचे. डिसेंबरात नाशिकला दीड दिवस लागेल, मे महिन्यात एका रात्रीत होतं. आंबूस, ताजा वास आला की मीठ घालून फ्रीजमध्ये. गुलाबी किंवा काळा डाग दिसला तर वरवर खरवडून वाचवायला जाऊ नकोस, सगळं टाकून दे. मिरी आणि ताजी कोथिंबीर लावून गोळा वळलास तर पाहुण्यांपुढेही ठेवता येतो.

पनीरची काळजीच करू नकोस. तिथे घट्ट टोफू सरळ चालतो. पाकिटातून काढलास की फडक्यात गुंडाळून वर जड काही ठेव, अर्ध्या तासात पाणी निघून जातं. मग तुकडे करून गरम मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेव, नाहीतर ते आतून अळणी राहतात आणि लोक टोफूला नावं ठेवतात. पालकात, भुर्जीत, मटारच्या रश्श्यात झकास. घटकांत कॅल्शियम सल्फेट लिहिलेला टोफू मिळाला तर तोच घे, दूध सोडलेल्या मुलीला तेवढंच कॅल्शियम. हाच टोफू कुस्करून लिंबू, मीठ, तेल आणि ओरेगॅनोत रात्रभर ठेवलास तर सॅलडवर फेटासारखा लागतो.

एका गोष्टीवर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. हिरवा ठिपका बघून काही घेऊ नकोस, तो शाकाहाराचा आहे आणि त्यात दूध चालतं. "अ‍ॅनालॉग" लिहिलेलं चीज तर हमखास फसवतं. त्यात लोण्याच्या जागी वनस्पती तेल असतं, त्यामुळे ते दुधाचं नाही असं वाटतं, पण प्रथिन बऱ्याचदा केसीन किंवा दूध पावडरीचंच असतं. हॉटेलांत आणि गाड्यांवर हे स्वस्त म्हणून भरपूर वापरतात, तेव्हा बाहेर खाताना "व्हेज चीज आहे" या उत्तरावर थांबू नकोस. २०२२ पासून आपल्याकडे व्हीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या, पदार्थांसाठी वेगळे नियम आणि व्ही अक्षराचं हिरवं चिन्ह आहे, ते शोध. आणि तरीही पाकिटामागची अ‍ॅलर्जीची ओळ वाच. अथर्वसाठी मी ती प्रत्येक वेळी वाचते, ओळखीच्या पाकिटावरसुद्धा, कारण घटक बदलतात.

मागे पोषणाचा तक्ताही असतो. खोबरेल आणि स्टार्चच्या चीजमध्ये प्रथिनं बहुतेक वेळा जवळजवळ शून्य आणि तेल भरपूर. दुधाच्या चेडारमध्ये १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्यामुळे पिझ्झा खाल्ला म्हणजे जेवण झालं असं धरू नकोस, सोबत उसळ नाहीतर छोले ठेव. आणखी एक, हे मनापासून सांगते: आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्व येतं ते मुख्यतः दुधातून. ते बंद केलं की गोळी किंवा बी-१२ मुद्दाम घातलेले पदार्थ लागतात. न्यूट्रिशनल यीस्टमध्येही ते वरून घातलेलं असेल तरच असतं. शर्वरी काही घेते का ते प्रेमाने विचार, आणि नसेल घेत तर डॉक्टरांना दाखवून सुरू कर.

विकतचं चीज एकदम खूप आणू नकोस. उघडलेल्या पाकिटाला बुरशी लवकर लागते. किसून फ्रीझरमध्ये ठेवलंस तर टिकतं आणि तसंच गोठलेलं पिझ्झ्यावर घालता येतं.

टॅपिओका स्टार्च आणि यीस्ट माझ्याकडे भरपूर आहे, शनिवारी दादा नाशिकला येतोय त्याच्याबरोबर दोन्ही पाठवते. टोफू तुला तिथे मिळतोय का ते कळव, नाहीतर तोही बर्फात घालून देते. शर्वरीला सोया चालतं ना, तेवढं आधी विचारून घे.

भाऊजींना नमस्कार, शर्वरीला खूप खूप आशीर्वाद.

तुझीच,
वैशाली